पाला पडल्यावरचं पाणी

मंगळवार, ४ फेब्रुवारी १९८६. सकाळची शाळा आटोपून आले, दोन घास खाल्ले आणि तुमच्या पत्रकांची रद्दी बांधायला बसले.

क्वार्टर एप्रिलअखेर रिकामं करून द्यायचं आहे. ज्योती म्हणाली, "आई, मी रविवारी येते, दोघी मिळून आवरू." पण लेकीचं घर अंबडला, जावयांच्या पाळ्या बदलत्या, तिच्या रविवारावर मी काम टाकून ठेवत नाही. म्हणून आज ट्रंक ओढली. बारा हिवाळ्यांच्या शेतकी प्रदर्शनांची पत्रकं आहेत. पाण्याचे पंप, फवारणीचे पंप, मळणीयंत्र, संकरित ज्वारी, गोबरगॅस, कोंबड्यांचं खाद्य. एका इंजिनाच्या पत्रकावर तुम्ही पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, "आवाज फार. विहीर घराजवळ असल्यास नको." कुठली विहीर आणि कुठलं घर!

दोन गठ्ठे बांधले. तिसऱ्याला सुतळी घालत होते, तेवढ्यात सुरगाण्याचा लहानू भोये आला, बायकोला घेऊन. तो जाऊन आता तीन तास झाले. संध्याकाळचे सहा वाजलेत आणि तिसरा गठ्ठा तसाच पडला आहे. मी हातातलं काम अर्धं टाकत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आज टाकलं. लहानू काय बोलून गेला ते तुम्हाला सांगायला हवं, आणि ते सांगायचं तर आधीपासून सांगावं लागेल.

पहिल्यांदा तुम्ही मला मैदानावर नेलंत ते दुष्काळ सरल्यावरच्या हिवाळ्यात. "उद्या नाशकात जाऊ, मैदानावर," एवढंच म्हणालात. मला वाटलं, सर्कस आली असेल. मी ठेवणीतलं लुगडं नेसले, ज्योतीला रिबिनी बांधल्या. त्र्यंबक रस्त्याच्या बाजूला उतरलो, तर समोर बैल. नुसते बैल. दावणीनं बांधलेले, शिंगांना रंग दिलेले. तुम्ही एकेकापुढं उभे राहून त्याचे दात, खूर, वशिंड बघत होता आणि मी लुगडं शेणातून वाचवत होते.

तुमचा रस्ता ठरलेला असायचा. आधी जनावरं, मग यंत्रं, मग बियाणं, मग स्पर्धेला मांडलेला माल आणि सगळ्यात शेवटी खायचे स्टॉल. मी म्हणायची, उलटं करू, आधी खाऊ. तुम्ही म्हणायचा, "खाल्लं की तू घरी चल म्हणशील." ते खरंच होतं.

आणि त्याच पहिल्या दिवशी तो पंपवाला. वही उघडून बसलेला. त्यानं तुम्हाला विचारलं, "किती एकर?" तुम्ही वीज केंद्रातल्या कोळशाच्या पट्ट्यावरचे फिटर. तुमच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, तुमच्या वडिलांच्या नावावरही नव्हती. तुम्ही पापणी न हलवता म्हणालात, "पाच."

"पाणी?"

"विहिरीचं. पण उन्हाळ्यात पुरत नाही."

मी तुमच्याकडे बघतच राहिले. त्यानं नाव-पत्ता लिहून घेतला, तुम्हाला खुर्ची दिली, पत्रक दिलं. बसमध्ये मी विषय काढला. "खोटं कशाला बोललात? चारचौघांत, पोरीसमोर?"

तुम्ही म्हणालात, "खोटं कसलं? घेतली नाही अजून, एवढंच."

"आणि विहीर?"

"विहिरीशिवाय पाच एकर घेऊन करणार काय?"

ज्योती फिदीफिदी हसली. मी दोन दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. पुढं दरवर्षी तुम्ही तेच केलंत आणि दरवर्षी मी तेच भांडले. एकदा तर एक बियाणंवाला पत्ता शोधत थेट क्वार्टरवर आला. तुम्ही पहिल्या पाळीहून येऊन बनियनवर बसला होतात. तो म्हणाला, "पाहणीला आलोय. शेत कुठल्या बाजूला?" मी आत स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून उभी. तुम्ही त्याला सरळ मागच्या परसात नेलंत. आठ पावलं लांब, सहा पावलं रुंद.

"हे काय," तुम्ही म्हणालात.

"हे? वहीत पाच एकर लिहिलंय साहेब."

"वाढवायचंय."

तो माणूस आधी गांगरला आणि मग असा हसला की त्याला ठसका लागला. मी चहा केला. जाताना त्यानं टोमॅटोच्या बियांची पुडी फुकट दिली. तुम्ही मला म्हणालात, "बघ, पाच एकरवाल्याला दिली नसती."

मी या सगळ्याला वेड म्हणत होते. एका वर्षी, ज्योती सातवी-आठवीत असेल, तुम्ही एकदाच नीट उत्तर दिलंत. आपण रसवंतीच्या बाकावर बसलो होतो. मी नेहमीचं सुरू केलं होतं. तुम्ही ग्लास खाली ठेवलात आणि म्हणालात, "माझा बाप दुसऱ्याच्या बैलांमागं जन्मभर चालला. गावच्या यात्रेत त्याच बैलांची मिरवणूक निघायची, तेव्हा त्याला लांब उभं राहावं लागायचं. नवा माणूस गावात आला की बापाला पहिला प्रश्न काय विचारायचा, तुला माहीत आहे. इथं मला पहिला प्रश्न विचारतात, किती एकर. मग मी शून्य म्हणू काय?"

मी तेव्हा काय बोलले? मी म्हणाले, "रस संपवा, बस जाईल." तुमचं म्हणणं मला कळलं होतं. कळलं, म्हणूनच तसं बोलले. माझ्या आईनंही दुसऱ्याच्या शेतात निंदणी-खुरपणी केली होती. मला त्या सगळ्यातून बाहेर पडायचं होतं, पडले, मास्तरीण झाले. आणि तुम्हाला त्याच मातीत परत जायचं होतं, फक्त मालक म्हणून. या बाबतीत आपलं कधी जमलं नाही. निवृत्तीनंतर जमीन घेऊ, तुम्ही म्हणायचा. मी म्हणायची, नाशिकरोडला दोन खोल्या घेऊ, नळाचं पाणी असलेल्या. तुम्ही पाच एकरांवरून दोनावर आलात, दोनावरून एकावर. गेल्या दिवाळीत अर्ध्यावर आला होतात. "अर्धा एकर. तुला काही करावं लागणार नाही. तू पेपर वाचत बस." मी म्हणाले, तुमच्या हातात पान्हाच शोभतो.

मी शेवटी हो म्हणणार होते, असं आता लिहिणं सोपं आहे. तुम्हाला बरंही वाटेल. पण खरं सांगते, मी हो म्हणाले नसते.

तरी मैदानावर मी दरवर्षी येत राहिले. का, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. खायच्या स्टॉलशी आलो की तुम्ही मला बाकावर बसवायचा. "आज तू कोणाला वाढायचं नाहीस." स्वतः रांगेत उभे राहून ताट घेऊन यायचा. पाणी आणायचा. काही हवं का, विचारायचा. शाळेत चाळीस पोरं, घरी तुम्ही, ज्योती, येणारी-जाणारी माणसं. वर्षातून तेवढ्या एका जेवणाला मी बसून राहायची. नागलीची भाकरी पहिल्यांदा मी तिथंच खाल्ली. डोंगराकडच्या बायकांचा स्टॉल होता. भाकरीचा काळपट रंग बघून मी नाक मुरडलं, तर भाकरी थापणारी म्हणाली, "बाय, रंगाकडं नको बघू. दात हाय ना? चाव." तुम्ही तीन खाल्ल्यात. मी दोन.

त्याच स्टॉलच्या मागं, जमिनीवर फडकं पसरून लहानू भोये बसला होता. पुढ्यात कंद मांडलेले. कोनफळं, करांदे आणि मधोमध एक सुरण, पाट्याएवढा. तुम्ही त्याच्यापुढं उकिडवे बसलात ते उठेनात.

"हा एवढा कसा झाला?"

"एका वर्साचा नाय भाऊ. काढायचा, ठेवायचा, पुन्ना लावायचा. दर वर्साला मोठा व्हतो."

"किती वर्षं?"

"चार. धीर पायजे."

त्यानं तुम्हाला मुठीएवढा एक तुकडा दिला. डोळा असलेला. तुम्ही तो रुमालात बांधून बसमध्ये मांडीवर धरून आणलात. परसात कोपऱ्याला खड्डा खणलात, शेणखत घातलंत आणि केंद्रावरची राख आणून मिसळलीत. राखेला आपल्याकडे काय तोटा. पावसाळ्यात एकच जाड दांडा वर आला आणि वर छत्रीसारखा पाला. मी म्हणाले, एवढ्या जागेत मेथी आली असती.

दुसऱ्या हिवाळ्यात मी काय केलं ते सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. तुमची बहीण आणि तिचे यजमान रविवारी न सांगता आले. घरात भाजी नव्हती. खाटेखाली पोत्यात सुरण होता. तुम्ही पुन्हा लावायला सुकवत ठेवलेला. मला ते माहीत नव्हतं असं नाही, पण मला वाटलं, भाजीचा कंद आहे, भाजी करावी. केली. चिंच कमी पडली. तुम्ही पाळीहून आलात, पाटावर बसलात, पहिला घास घेतलात.

"भाजी कसली?"

"सुरणाची."

"कुठला सुरण?"

मी म्हणाले, "खाटेखालचा."

वन्सं घसा धरून म्हणाल्या, "दादा, मुंग्या आल्या रे घशात! वहिनीनं काय घातलंय यात?" तुम्ही म्हणालात, "खा. दोन वर्षांचा आहे." आणि तुम्ही सगळी भाजी संपवलीत. खाजत असणार. तरी संपवलीत. पुढच्या महिन्यात लहानू द्राक्षाच्या मळ्यात कामाला खाली आला, तेव्हा त्याला गाठून दुसरा तुकडा आणलात. पुन्हा पहिल्यापासून. मी माफी मागितली नाही. पोतं मात्र त्यानंतर मी कधी हलवलं नाही, आणि परसातल्या त्या कोपऱ्याकडेही बघितलं नाही. तुमचं ते तुमचं, असं ठरवून टाकलं.

हेच नडलं.

तीन हिवाळे तो पाला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर पिवळा पडला असणार, वाळला असणार, आडवा झाला असणार. तीन हिवाळे तुम्ही त्याचं पाणी तोडलं असणार. मी रोज खिडकीशी उभी राहून भांडी घासत होते आणि मी ते पाहिलं नाही.

या वर्षी तुम्ही स्पर्धेचा अर्ज भरलात. कंदमुळांचा गट. तुमचं पूर्ण नाव, तुमच्या त्या गोल अक्षरात. ५ फेब्रुवारीला सकाळी नऊ ते अकरा माल जमा करायचा. तुम्ही मला पावती दाखवलीत आणि म्हणालात, "त्याच दिवशी सकाळी काढायचा. आधी काढला तर सुकतो, वजन जातं. हातभर लांबून खणायचं, शेवटची माती हातानं. कुदळ लागता कामा नये." मी हं म्हणाले. मला कशाला सांगता, असंही म्हणाले असेन. बारा वर्षं दुसऱ्यांचा माल हात मागं बांधून बघणारा माणूस पहिल्यांदा आपला माल मांडणार होता. तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होते.

डिसेंबरात तुम्ही आजारी पडलात. ताप, मग छाती, मग दवाखाना. मी सकाळी शाळा, दुपारी दवाखाना, संध्याकाळी पुन्हा दवाखाना. डॉक्टरांनी जे आणायला सांगितलं ते आणलं, जे करायला सांगितलं ते केलं. माझ्यासारख्या बाईला काम सांगितलं की बरं वाटतं. पण हळूहळू त्यांनी कामं सांगणंच कमी केलं. मी बाकावर बसून असायची. बसून राहायची मला सवय नाही.

घरी बघितलं तर तुमच्या सुरणाचा पाला पिवळा पडायला लागलेला. मला वाटलं, माणूस घरात नाही, कोणी पाणी घालत नाही, म्हणून वाळतोय. निदान एवढं तरी माझ्या हातात आहे. मी रोज शाळेला जाण्याआधी दोन बादल्या घालायला लागले. दांडा आडवा झाला तेव्हा तीन घातल्या.

आता ती गोष्ट लिहिते, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

शेवटच्या आठवड्यात तुमच्या तोंडावर तो ऑक्सिजनचा मास्क होता. बोलता येत नव्हतं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, "सुरणाची काळजी करू नका. पाला वाळायला लागला होता, पण मी रोज सकाळी पाणी घालते. दोन-दोन बादल्या." तुम्ही डोळे मोठे केलेत. सलाईन नसलेला हात उचललात आणि हलवलात. नाही, नाही, असा. मला वाटलं, माझ्या कंबरेची काळजी करताय. बादल्या उचलू नकोस, असं तुम्ही नेहमी म्हणायचात. मी म्हणाले, "मला काही होत नाही. तुम्ही पडून राहा." तुम्ही पुन्हा हात हलवलात, जोरानं. मग मास्कला हात घातलात. नर्स ओरडली, "बाई, धरा त्यांना, काढतायत." मी तुमचा हात धरला. दोन्ही हातांनी धरला आणि गादीवर दाबून ठेवला. तुमच्या हातात जोर नव्हता, तरी तुम्ही ओढत होता. मग ओढायचे थांबलात आणि भिंतीकडे तोंड केलंत. भेटीची वेळ संपली. आज यांना सुरणाचं सांगून झालं, या समाधानात मी घरी आले.

त्यानंतर तीन दिवसांनी तुम्ही गेलात.

तुम्ही गेल्यावरही मी पाणी घालत होते. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सकाळी, घरात माणसं असताना, दोन बादल्या घालून आले. ज्योतीच्या सासूबाई म्हणाल्या, "ही बाई रडत नाही, झाडांना पाणी घालते." म्हणू देत, मी म्हटलं. तुमचं नाव ५ तारखेला त्या टेबलावर लागायला हवं होतं. मला शेती कळत नाही, पण पाणी घालता येतं.

आज दुपारी लहानू आला. "बाय, भाऊ गेला ते आम्हाला परवा कळलं. जीपवाल्यानं सांगितलं." बायको दारातच बसली आणि डोळे पुसायला लागली. लहानू उभाच. मी पाणी दिलं, चहा ठेवला. मग त्याला म्हणाले, बरं झालं आलात, उद्या तुमचा सुरण काढायचाय, बघा जरा. तो परसात गेला. खड्ड्याशी उकिडवा बसला, मातीत बोट खुपसलं आणि तसाच थांबला.

"ही वल कशाची?"

"पाणी घालते ना. रोज."

"कवापास्न?"

"ते दवाखान्यात गेले तेव्हापासून. पाला वाळत होता."

त्यानं बोट बाहेर काढलं, धोतराला पुसलं. माझ्याकडे बघेना.

"पाला पडला का सुरण निजतो, बाय. मंग त्याला पानी नाय देत. कोरडा ठेवायचा."

"आणि दिलं तर?"

त्याच्या बायकोनं उंबऱ्यावरून म्हटलं, "निघंल, निघंल. भाऊनं राख घातली हाय ना? राख पानी सोडती."

"लहानूभाऊ, खरं सांगा."

"काढल्याबिगर कसं सांगू, बाय?" तो म्हणाला. पण त्याला माहीत होतं. मलाही त्याच क्षणी कळलं. सुरणाचं नंतर कळलं. आधी तुमचा हात आठवला.

कंबरेचं नव्हतं ते. तुम्ही सांगत होता, पाणी नको. जन्मभर मी तुम्हाला मधेच तोडलं, ते तुम्ही हसून नेलंत. शेवटी तुम्हाला एकच गोष्ट सांगायची होती, तर मी तुमचा हात दाबून धरला.

मी लहानूला म्हणाले, आत्ताच काढून बघू. तो म्हणाला, "भाऊ सांगायचा ना, दाखवायच्या दिशीच काढायचा? मंग उद्याच काढ." कॉलनीच्या फाटकाशी मळ्यावरचा ट्रक थांबला होता, त्याला जावं लागलं. जाताना बायकोनं माझ्या हातात नागलीच्या पिठाची पुरचुंडी दिली. चहा तसाच राहिला.

कुदळ, खुरपं दाराशीच आहे. अजून उजेड होता तेव्हा मी खणू शकले असते. दोनदा उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. ज्योतीला काय सांगायचं? ती म्हणेल, "आई, एक कंद तो, सोड." तिला तुमच्या हाताचं सांगायला लागेल आणि ते मी सांगणार नाही. हे तुम्हालाच सांगते आहे, कारण ते तुम्हाला आधीपासून माहीत आहे.

तुम्ही त्या दिवशी रागावून तोंड फिरवलंत, की दमून? की म्हणालात, जाऊ दे, तिनं आपलं समजून घातलंय? मी सगळं उलटसुलट करून बघितलं. मला ठरवता येत नाही. मुलांच्या वहीत चूक सापडली की मी लाल खूण करते आणि खाली बरोबर उत्तर लिहिते. इथं बरोबर उत्तर मला माहीत आहे, पण ते लिहायला जागाच उरलेली नाही.

काल इथंच थांबले होते. आज बुधवार. सकाळचं तेवढं लिहिते.

साडेसहाला परसात गेले. शाळेत निरोप आधीच धाडला होता. तुम्ही सांगितलं तसंच केलं. हातभर लांबून खणायला घेतलं, चारही बाजूंनी. मग खुरपं, मग हात. माती वर कोरडी दिसत होती आणि आत गार चिखल. आधी वास आला. तरी मी शेवटची माती हातानंच काढली. वरची साल शाबूत होती, अगदी गोल, डोळ्याच्या ठिकाणी खोलगट. मी दोन्ही हात खालून घातले आणि उचलायला गेले, तर साल हातात आली. आत काही उरलं नव्हतं. पाणी आणि गाळ.

ओंजळीनं सगळं बाहेर काढलं. राखेच्या मातीत त्याची जागा तशीच राहिली होती, घमेलं उपडं घालून काढावं तशी. वीत लावली. दीड वीत आणि वर चार बोटं भरली. लहानूच्या फडक्यावर होता त्याहून मोठा. तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहिते.

खड्डा बुजवला. आंघोळ केली. पावती घेतली आणि नाशकाची बस धरली. मैदानाच्या फाटकातून पहिल्यांदा एकटी आत गेले. बैल डाव्या हाताला होते, तिकडे वळले नाही. माल जमा करायच्या टेबलावर एक चष्मेवाले गृहस्थ रजिस्टर घेऊन बसले होते. मी पावती पुढं केली.

"माल कुठाय?"

"नाही आणला. नाव कमी करायला आलेय."

त्यांनी यादीत बोट फिरवून तुमचं नाव काढलं. "अहो बाई, एवढ्यासाठी कशाला आलात? अकरापर्यंत माल आला नाही की नाव आपोआप निघतं."

"असू द्या. रेघ मारा."

"स्वतः नाही आले?"

"नाही."

खड्ड्याचं माप त्यांना सांगावं, असं एकदा तोंडापर्यंत आलं. सांगितलं नाही. त्यांनी पट्टी शोधली, सापडली नाही, म्हणून हातानंच रेघ मारली. ती पूर्ण होईपर्यंत मी उभी राहिले. माझ्यामागं एक बाई डोक्यावर लाल भोपळा घेऊन थांबली होती, तिला टेबलाशी येता यावं म्हणून मी बाजूला झाले.